पिल्सुनने टाकलेली सुई

पिल्सुनने सुई टाकून दिली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, पण गावाने ते अजून मनावर घेतलेलं नाही. सणावाराला अन्न पोटात अडलं की कुणी ना कुणी अंगठा पुढे करून तिच्या दारात उभं राहतंच. पोट धरून, तोंड वाकडं करून, आणि ही बाई दुसऱ्याला टोचायलाच जन्माला आली आहे अशा हक्काने.

यंदा छुसकच्या, म्हणजे पूर्वजांना ताट वाढायच्या शरदातल्या सणाच्या, सकाळी पहिला आला तो शेजारचा म्हातारा मानसु. पूर्वजांपुढचं ताट त्याच्या घरी नुकतंच उचललं गेलं होतं, आणि पूर्वजांच्या वाटचंही त्यानेच खाल्लं होतं हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"नोकदोंगवाले, टोच की गं एकदा," तो फाटकातूनच म्हणाला. नोकदोंग हे पिल्सुनचं माहेर. लग्न होऊन या गावात आल्यापासून तिला हाक मारतात ती माहेराच्याच नावाने.

"सुई नाही माझ्याकडे, भावजी."

"जन्मभर दुलया शिवल्यास आणि घरात सुई नाही? मग माझ्या बैलाला शिंगं नाहीत."

"दवाखान्यात जा."

"दवाखान्यात काय जा? तिथला डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचा. अडलंय माझं पोटात, तो टोचणार ढुंगणात."

"मग जरा कमी गिळायचं. बायको होती तोवर ताट पुढून ओढून घ्यायची. आता कोण ओढणार?"

मानसुची बायको मागच्या थंडीत गेली होती. त्याने पुढे केलेला अंगठा हळूच मुठीत घेतला.

"सुई टाकलीस म्हणतेस," जाता जाता तो म्हणाला, "टोचायची काही थांबली नाहीस."

पिल्सुनचं तिकडे लक्ष नव्हतं. ती रस्त्याकडे बघत होती. मीरान यायची होती.

मीरान ही तिच्या धाकट्या दिराची मुलगी. दीर तरणाताठा असतानाच गेला, पुढे त्याची बायको ओक्बुनही गेली. मुलगा नसल्यामुळे त्या दोघांचं सणाचं ताट थोरल्या भावाच्या घरी, म्हणजे पिल्सुनच्या ओसरीवर मांडलं जायचं, आणि मीरान त्यासाठी दरवर्षी क्वांगजू शहरातून यायची. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता.

"मोठी आई, यंदाचं शेवटचं," ती म्हणाली होती. "पुढच्या वर्षापासून आईबाबांचं मी इथल्या मठात करते. तुमचंही वय झालं, मोठ्या बाबांचे गुडघे दुखतात. उगाच तुम्हाला त्रास."

"त्रास कसला त्यात," पिल्सुन म्हणाली, आणि मग "बरं" म्हणाली.

तिच्याकडे एक गोष्ट होती, नवऱ्यालाही न सांगितलेली. ती मीरानलाच सांगायची होती, आणि दरवर्षी मीरान आली की जीभ टाळूला चिकटायची. जी जीभ साऱ्या गावाला पुरून उरली, ती या एका पोरीपुढे वळत नव्हती. ताट मठात गेलं की पोरीला या गावाकडे फिरकायचं कारणच उरत नव्हतं. म्हणजे सांगायचं तर आजच, दुपारच्या बसच्या आत.

पिल्सुनची आई नोकदोंगच्या बंदरावर जाळी विणायची आणि लोकांचं अडलेलं अन्न उतरवायची. पिल्सुन तिच्याच हाताखाली शिकली. माणसाला समोर बसवायचं, पाठीवर थापट्या मारायच्या, मग खांद्यापासून मनगटापर्यंत हात चोळत चोळत सगळं वाईट रक्त अंगठ्यात आणायचं. अंगठ्याला दोरा आवळून गुंडाळायचा. सुई आपल्याच केसांतून दोनदा फिरवून घ्यायची आणि नखाच्या मुळाशी टोचायची. रक्ताचा थेंब वर येई तो काळा. भोवती बसलेल्या बायका एका सुरात म्हणत, "बघा, अडलंच होतं." थोड्या वेळाने माणसाला ढेकर येई आणि सगळ्यांचे चेहरे मोकळे होत.

हात तिचा हलका होता, यात वाद नाही. शाळेचे मास्तर तिच्याकडे येत, नव्या नवऱ्या येत, आणि तिला येताना पाहिलं की पोरं लोणच्याच्या रांजणांमागे दडत. दुलया शिवायची मोठी सुई ती अंगातल्या जाकिटाच्या गळपट्टीत खोचून ठेवायची. कुणाचं कधी अडेल, सांगता येतं का?

आणि तिची जीभ. ती तर न बोलावताच यायची. शेजारीण केस कुरळे करून आली तर ही म्हणे, "छान झालंय हो घरटं, अंडी कधी घालणार?" कुणाचा मुलगा परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाला तर, "मास्तरांना लळा लागलाय त्याचा, सोडवत नसेल." लोक हसत. ज्याला टोचलं तोही हसे, न हसून करतो काय? आपण खरं बोलतो आणि लोकांना ते आवडतं, अशी पिल्सुनची समजूत झाली होती. लोक हसले की अशी समजूत होतेच.

ओक्बुन या घरात आली ती शरद ऋतूत. तेव्हा दारंखिडक्यांना कागद लावलेला असे, आणि लग्नाच्या रात्री नवरानवरीच्या खोलीच्या कागदाला बोटाने भोक पाडून आत डोकावणं हा घरातल्या बायकांचा हक्कच होता. सगळ्यात पुढे अर्थात पिल्सुन. तिने बोट जिभेवर ओलं केलं आणि कागदात घातलं. आतून दिवा फुंकला गेला तेव्हा बाहेर खसखस पिकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर भोक बुजवलेलं. नव्या नवरीने आतून कागदाचा तुकडा लावला होता आणि त्यात मेपलचं एक लाल पान घातलं होतं. ऊन आलं की पान उजळून दिसे.

"जाऊबाई, बुजवलं हो भोक," ओक्बुन खाली बघत म्हणाली. "पान मुद्दाम लावलंय. म्हणजे पुढच्या वेळी बोट कुठे घालायचं ते अंधारात शोधायला नको."

पिल्सुनला एवढं चोख उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं. ती खो खो हसली, आणि त्या दिवसापासून ओक्बुन तिला आवडू लागली. आवडली म्हणून तिला सोडलं असं मात्र नाही. पिल्सुन आवडत्या माणसालाच जास्त टोचायची. ओक्बुनला दुसरी मुलगी झाली नाही, मुलगा झाला नाही, नवरा गेला, लसणाचं शेत एकटीच्या अंगावर पडलं. या सगळ्यावर पिल्सुनने काही ना काही म्हटलं. शेतात राबायलाही तीच आधी जायची, आणि लसूण उपटता उपटता बोलायचीही. ओक्बुनने पुन्हा कधी तसं उत्तर दिलं नाही. ती नुसती हसायची. पिल्सुनला वाटे, हिला आपली सवय झाली.

आता ती गोष्ट, जी कुणालाच ठाऊक नव्हती. मीरान शाळेत जात होती तेव्हाची. हिवाळ्यातल्या एका दुपारी पिल्सुन एकटीच दुलई शिवत बसली होती. पोटात काहीही अडलेलं नव्हतं, दोन रताळी खाऊन ती चांगली ठणठणीत होती. हात रिकामा झाला म्हणून तिने चाळा केला, स्वतःच्या अंगठ्याला दोरा आवळला आणि टोचलं. रक्त काळं आलं. तिला नवल वाटलं. तिने दुसऱ्या अंगठ्याला दोरा बांधून टोचलं, तेही काळं. मग दोरा न बांधता करंगळीला टोचलं. लालभडक थेंब आला.

ती बराच वेळ त्या बोटांकडे बघत राहिली. दोरा आवळला की रक्त काळंच दिसतं. अडलेल्याचं दिसतं आणि न अडलेल्याचंही दिसतं. आईने सांगितलेली खूण, बायका एका सुरात म्हणायच्या ते वाक्य, सगळं दोऱ्याचं होतं.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. लोकांना बरं वाटत होतं, मग सांगून कुणाचं भलं होणार, असं तिने स्वतःला समजावलं. पण खरं कारण निराळं होतं. बंदरावरून या गावात आलेल्या बाईला या गावाने दुसरं काय दिलं होतं? लोक तिच्या जिभेला भीत होते. हात पुढे करत होते ते फक्त त्या सुईसाठी. ते तिला सोडवलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी तो छुसक आला.

सणाचा आदला दिवस होता. अंगणात मोठा तवा मांडून मासे, कोहळ्याच्या चकत्या, मशरूम पिठात घोळून तळणं चाललं होतं. ओसरीवर बायका तांदळाच्या पिठाच्या छोट्या करंज्या वळत होत्या. मीरान कॉलेजातून सुट्टीला आली होती, तीही वळत होती. सकाळपासून तव्यापाशी बसलेली ओक्बुन मध्येच उठली आणि खांबाला टेकली.

"जाऊबाई, आज खांदा फार भरून आलाय. जरा बसते."

पिल्सुनच्या हातात झारा होता, डोळ्यांत धूर गेला होता, आणि ओसरीवर ऐकायला बायका होत्या.

"बस, बस. काम निघालं की तुझ्या अंगात दुखणं शिरतं बघ. सणाचा दिवस तर त्याला बरोबर सापडतो. आपल्या शाळेत नाटक बसवतात तिथे जात जा, सोंग फार छान वठवतेस."

बायका हसल्या. ओक्बुनही हसली, आणि परत येऊन तव्यापाशी बसली.

दुपारी सगळ्यांनी अंगणातच चार घास खाल्ले. ओक्बुनने दोन करंज्या खाल्ल्या आणि तिचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला. कपाळावर घाम आला. छातीच्या खाली हात दाबून ती म्हणाली, "इथं काहीतरी अडल्यासारखं झालंय."

पिल्सुन मनातून चरकली. आपण बोललो, तिने ते मनाला लावून घेतलं, आणि मन दुखावलेलं असताना खाल्लं की अन्न अडतंच, हे तर लहान पोराला ठाऊक असतं. आपलाच शब्द हिच्या पोटात अडला, असं ती धरून चालली. माफी मागणं तिला जमत नव्हतं. टोचणं जमत होतं. तिने ओक्बुनला जवळ ओढलं आणि एरवी कुणाची चोळली नसेल इतक्या मायेने तिची पाठ चोळू लागली.

"मोठी आई, दवाखान्यात नेऊ या का?" मीरान म्हणाली. "आईला फार घाम येतोय."

"सणाच्या आदल्या दिवशी कोण डॉक्टर बसलाय तुझ्यासाठी? आणि पोट अडलंय ते त्याला काय कळतंय? धर, आईचा हात धर नीट."

मीरानने हात धरला. पिल्सुनने दोरा आवळला, सुई केसांतून फिरवली आणि दोन्ही अंगठे टोचले. काळे थेंब आले. बायका म्हणाल्या, "बघा, अडलंच होतं." आणि ज्या बाईला ठाऊक होतं की या काळ्या रंगाला काही अर्थ नाही, ती बाईही म्हणाली, "हो, बघा." त्या क्षणी तिला ते खरंच वाटलं. खरं वाटायला हवं होतं तिला.

"कसं वाटतंय?" तिने विचारलं.

"बरं वाटलं, जाऊबाई. एकदम मोकळं वाटलं," ओक्बुन म्हणाली. आणि उठून मागच्या अंगणात भांडी घासायला गेली.

नंतर ती आपल्या घरी जाऊन पडली. संध्याकाळी मीरानला ती उठवता आली नाही. मानसुच्या टेम्पोत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, पण नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. हृदय, डॉक्टर म्हणाला. घाम कधीपासून येत होता, असं त्याने विचारलं. मग ओक्बुनचा हात उचलून अंगठ्यावरचे सुकलेले काळे ठिपके पाहिले, आणि हात चादरीखाली ठेवून दिला. त्याने विचारायला हवं होतं, हे कुणी केलं म्हणून. पिल्सुन उत्तर द्यायला उभीच होती.

घरी येऊन तिने गळपट्टीतली सुई काढली आणि संडासाच्या खड्ड्यात टाकली, म्हणजे कुणी काढून आण म्हणायला नको. त्यानंतर तिने कुणाच्या अंगठ्याला हात लावला नाही. जीभ मात्र तोंडातच राहिली. ती काढून टाकावी असं तिच्या डोक्यातही आलं नाही.

मीरान दरवर्षी येत राहिली. तिने कधी एका शब्दाने दोष दिला नाही. फळांची पेटी आणायची, वाकून नमस्कार करायची, वाढलेलं सगळं संपवायची, "छान झालंय, मोठी आई," म्हणायची आणि दुपारच्या बसने जायची. पिल्सुनला वाटे, एकदा हिने भांडावं. माझ्या आईला तू मारलंस म्हणावं, ताट भिरकवावं. मग आपणही सांगू, त्या दोऱ्याचं सांगू, जे काय व्हायचं ते होऊन जाईल. पण त्या पोरीचं गोड बोलणं मधे उभं राहायचं आणि पिल्सुन तिला आणखी एक करंजी वाढायची.

आज मीरान आली ती नेहमीसारखीच, हातात पेअरची पेटी. ओसरीवर ताटं मांडली, धूप लावला, सगळ्यांनी वाकून नमस्कार केले. पिल्सुनचा नवरा क्वांगसिक गुडघ्यांवर हात ठेवून कसाबसा उठला. जेवणं झाली. भांड्यांचा ढीग पडला आणि पिल्सुन सांगायची सुरुवात कुठून करावी याचा विचार करत घासायला बसली. मीरान स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली होती, एक हात पोटावर. चेहरा उतरलेला.

आणि पिल्सुन बोलून गेली. ठरवून नाही. जीभच ती.

"आलीस की बसलीस. शहरातल्या बायकांना भांडी दिसली की पोटात कळ येते वाटतं."

मीरान उठली. तिने फडकं घेतलं आणि धुतलेली भांडी पुसायला लागली. तेव्हा पिल्सुनची नजर तिच्या अंगठ्यावर गेली. नखाच्या मुळाशी बारीक बारीक ठिपके होते, काही जुने, काही ताजे.

"हे काय?"

"काही नाही. औषधाच्या दुकानात पेनसारखं एक यंत्र मिळतं. दाबलं की टोचतं. इथून गेलं की दर वेळी लागतं." मीरान बोलता बोलता थांबली. "म्हणजे, कधीकधी."

"दर वेळी?"

मीरान पुन्हा ताट पुसू लागली.

पिल्सुनने तशाच ओल्या हातांनी तिचे दंड धरले. "छातीत दुखतंय? घाम येतोय? खांदा भरून आलाय? खरं सांग. आत्ता गाडी बोलावते."

"नाही हो, मोठी आई. गेल्या महिन्यातच सगळं तपासून घेतलंय. आई गेल्यापासून दरवर्षी तपासते मी. हृदय चांगलं आहे. नुसतं अडतं."

बसची वेळ होत आली. क्वांगसिक गुडघ्यांमुळे फाटकातच थांबला, पिल्सुन मीरानला सोडायला निघाली. वाटेत मानसु आपल्या दारात बसला होता. मीरानने त्याला नमस्कार केला. पिल्सुन दिसली तसा तो पायाशी वाळत घातलेली मिरची उगाचच सारखी करू लागला.

थांब्यावर कुणी नव्हतं. बाकावर बसल्यावर मीरानने पर्समधून ते पेन काढलं आणि थोडा वेळ हातात धरून ठेवलं.

"तुम्ही टोचता?" तिने विचारलं. "पाठ चोळून. तुमची पद्धत."

इतक्या वर्षांनी या घराण्यातला अंगठा पुन्हा तिच्यापुढे आला होता. पिल्सुनने तो धरला नाही.

"आधी ऐक," ती म्हणाली. "मग तुला वाटलं तर पुढे कर. दोरा आवळला ना, की रक्त काळंच येतं. कुणाचंही. अडलेलं असो, नसो."

"माहीत आहे मला. आता सगळ्यांना माहीत असतं ते."

"मला तेव्हा माहीत होतं." पिल्सुनचा आवाज चिरकला. "तुझ्या आईच्या आधीपासून. मी माझ्या अंगठ्यावर करून पाहिलं होतं. मला माहीत होतं की ते रक्त काही सांगत नाही, आणि तरी मी, बघा, अडलंय, असं म्हणाले. तू दवाखान्यात नेऊ म्हणालीस तर तुलाच गप्प केलं. मीरान, मी त्या सुईने तुझी आई घालवली. इतकी वर्षं तू माझ्या घरी जेवतेस आणि मी तुला वाढते. मला आता हे सहन होत नाही."

एवढं बोलून ती मान खाली घालून बसली. आता पोरगी उठून जाईल, नाहीतर ओरडेल. दोन्हीला तिची तयारी होती.

मीरान उठली नाही. तिने पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"सुईचं काही नव्हतं, मोठी आई," ती म्हणाली.

पिल्सुनने वर पाहिलं.

"तुम्ही टोचल्यावर आई भांडी घासायला मागच्या अंगणात गेली. मी तिच्या मागोमाग गेले. ती घमेलं घेऊन भिंतीला टेकली होती. मला म्हणाली, अजून दुखतंय गं, वर चढलंय, पार जबड्यापर्यंत आलंय. मी म्हटलं, थांब, मोठ्या आईला सांगते, गाडी काढायला लावते. तर तिने माझं मनगट धरलं." मीरानने पेन बाजूला ठेवलं. "म्हणाली, नको सांगूस. परत सोंग म्हणतील. सगळ्या बायका बसल्यात तिथं."

रस्त्यावरून एक सायकल गेली. पिल्सुनने ती पाहिली नाही.

"मी ऐकलं तिचं," मीरान म्हणाली. "मलाही वाटलं, तुम्ही परत काहीतरी म्हणाल आणि सगळ्या हसतील. मला लाज वाटली. आईला घरी नेऊन निजवलं आणि परत येऊन करंज्या वळत बसले. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही तिच्यासाठी किती रडलात ते मी पाहिलं होतं. सुई टाकलीत तेही कळलं. वाटलं, त्यात आणखी हे कशाला? पण न सांगता तुमच्या घरचं खाल्लं की ते खाली उतरत नाही. म्हणून मठाचं ठरवलं. आजही सांगणार नव्हते. पण मघाशी तुम्ही म्हणालात ना, आलीस की बसलीस. आईही अशीच उठली होती."

इतकी वर्षं पिल्सुन एका सुईचा हिशेब करत बसली होती. ती सुई तर तिने टाकून दिली होती. आज सकाळी मानसुने मुठीत घेतलेला अंगठा तिला आठवला आणि त्याच्यामागे आणखी कितीतरी चेहरे आठवले, हसणारे. ओक्बुनचा त्यांत सगळ्यात पुढे होता. तिला सवय झाली आहे असं वाटलं होतं. ओक्बुन तर फक्त भोकं बुजवत होती.

मीरानला एकाएकी ढेकर आला. मोठा, लांबलचक, चारचौघांत लाज वाटेल असा. तिने तोंडावर हात धरला आणि ओल्या डोळ्यांनी पिल्सुनकडे बघितलं. त्या ढेकराचा अर्थ दोघींनाही ठाऊक होता. पिल्सुनचा हात आपोआप तिच्या पाठीवर गेला आणि वरून खाली, वरून खाली फिरू लागला.

"उतरलं?" तिने विचारलं.

"उतरलं."

वळणावर बसचा आवाज ऐकू आला. मीरानने पिल्सुनच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता आणि दुसरा हात छातीच्या खाली दाबलेला होता.

"मोठी आई, दुखतंय? घाम येतोय?"

"नाही. तसलं नाही. नुसतं अडलंय."

"मग हात द्या इकडे. मी टोचते," मीरान म्हणाली आणि पेन उचललं.

पिल्सुनने दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले.

"नको," ती म्हणाली. "हे राहू दे आत."

बस येऊन थांबली, दार उघडलं, आणि मीरान पर्स घेऊन उठली.